वाटेवरचे चाचे

आमच्या गल्लीतलं समुद्रावर राहणारं माणूस एकच, माझा धाकटा भाऊ. त्यामुळे एका रविवारी दुपारी टीव्हीवर जहाजाचा सिनेमा लागणार आहे असं कळलं, तेव्हा शेजारच्या बायका तो बघायला आमच्याकडे आल्या. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता असं नाही, पण जहाजाचा सिनेमा जहाजवाल्याच्या घरी बसून बघावा असं त्यांना वाटलं असणार. माय सकाळपासून खुशीत होती. तिने सतरंजी झटकून अंथरली, शेंगदाणे भाजले आणि भावाचा बॉयलर सूट घातलेला फोटो भिंतीवरून काढून टीव्हीशेजारी ठेवला.

मला तो सिनेमा नको होता. त्याची जाहिरात मी आदल्या दिवशी पाहिली होती. तो नुसता जहाजाचा नव्हता, जहाज लुटणाऱ्यांचा होता. आणि भावाचं जहाज त्या दिवसांत नेमकं तसल्याच समुद्रातून चाललं होतं. मला ते ठाऊक होतं, मायला नव्हतं.

आम्ही मूळचे युसूफ वडगावकडचे. मी बारावीत असताना वडील वारले. त्यानंतरही माय मामाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जात राहिली. दिवाळी झाली की ती निघायची आणि ऊन तापायला लागलं की परत यायची. तेवढे महिने मी केजला वसतिगृहात आणि भाऊ मावशीकडे. त्या हंगामांवर माझं बी.ए. झालं, बी.एड. झालं. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. कागदावर माझं नाव आहे, ऊस तिने तोडला. केजमधल्या एका खाजगी शाळेत मला नोकरी लागली, मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि मायला म्हटलं, आता बास. भाऊ मर्चंट नेव्हीचा कोर्स करून जहाजावर गेला. धनेगावच्या धरणापेक्षा जास्त पाणी त्याने तोवर पाहिलेलं नव्हतं. डेकवर दोर ओढायचे, गंज खरवडायचा, रंग द्यायचा आणि आळीपाळीने पहारा करायचा, असं त्याचं काम.

सिनेमाच्या आधीच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. फोन स्पीकरवर होता आणि माय शेजारी लसूण सोलत बसली होती.

"आक्का, आता थोडे दिवस फोन लागायचा न्हाई," तो म्हणाला. "पुढं वाटंत चाचे असतेत. नेटबी बंद ठेवतेत."

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. 'चाचे' हा शब्द आम्ही दोघांनी शाळेच्या पुस्तकात वाचला होता. समुद्रावरच्या लुटारूंना मराठीत चाचे म्हणतात. बोलण्यात तो कुणी वापरत नाही, आणि जहाजावर तर सगळे 'पायरेट'च म्हणतात. पण लुटारू म्हटलं असतं तर मायला लगेच समजलं असतं. म्हणून त्याने पुस्तकातला शब्द काढला होता. मला एकटीला कळावं म्हणून.

मायने फोन स्वतःकडे ओढला. "कोण चाचे रं?"

आमच्याकडे वडिलांच्या वयाच्या मुसलमान माणसाला चाचा म्हणतात. आमच्या शेजारी शिलाईचं काम करणारे एक चाचा आहेत. आम्ही केजला राहायला आलो त्या दिवशी पाण्याची पहिली घागर त्यांच्या घरून आली होती. मायच्या लेखी चाचा म्हणजे तसं माणूस.

"असतेत इकडं," भाऊ म्हणाला.

"लई हायेत का?"

"लई हायेत, माय."

"मग बरं झालं बाबा. परमुलखात वडीलधारं माणूस असावं. त्यायचं ऐकत जा."

"ऐकतो की. ते म्हणतील तसंच करतो."

"दिसले की हात जोडत जा."

"दोन्ही हात वर करून जोडतो, माय." आणि तो हसायला लागला. मायही हसली. फोन बंद झाल्यावर ती लसणाच्या पाकळ्या गोळा करत म्हणाली, "आता मला घोर न्हाई."

तिचा सगळा घोर त्या दिवसापासून माझ्याकडे आला. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता मी पर्समधला फोन काढून बघायची. शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. त्यावर तो समुद्र माझ्या करंगळीएवढा दिसायचा आणि तो ओलांडायला इतके दिवस लागतात कसे, ते मला समजायचं नाही. संध्याकाळी घरी बसवेना म्हणून मी उगाच बसस्टँडपर्यंत चालत जायची आणि बीडच्या गाडीतून उतरणारी माणसं बघून परत यायची. माय इकडे सगळ्यांना सांगत होती, की पोराच्या वाटेवर चाचे आहेत, काळजी नाही. ऐकणारी बाईही मान डोलवायची. तो शब्द आमच्या गल्लीत दुसऱ्या अर्थाने कुणाला ठाऊकच नव्हता, असं मला वाटत होतं.

सिनेमा हिंदीत होता. हजारो मेंढरं घेऊन एक जहाज निघालेलं. बायकांना ते फार आवडलं.

"हे तुमच्या पोराचं जहाज का हो?"

"न्हाई, त्याच्यात गहू असतो," माय म्हणाली.

"त्याची खोली कुठंशी असल?"

मायने उठून पडद्यावर बोट ठेवलं. "हिथं. ह्या गोल खिडकीपशी." तिला काहीही माहीत नव्हतं, पण बोट अगदी ठामपणे ठेवलं.

"अन् मेंढरं कुठं चाललीत समुद्रातून?"

"अरबस्तानात, ईदला," दारातून आवाज आला. शेजारचे चाचा मशीन सोडून आले होते. मायने त्यांना खुर्ची दिली आणि शेंगदाण्याची ताटली पुढे केली.

मग त्या छोट्या होड्या आल्या. पहाटेच्या धुक्यातून, आवाज न करता. त्यातली पोरं हाडकुळी, बनियन फाटलेली, एकाच्या पायात चप्पलसुद्धा नाही. त्यांनी आकडा लावलेली लांब शिडी जहाजाच्या कठड्याला अडकवली आणि माकडासारखी वर चढली. मी मायकडे बघत होते. ती घाबरली नव्हती, तिचं लक्ष त्या पोरांवर होतं.

"कावून वाळलीत गं ही इतकी?" ती म्हणाली. "ह्यायचा मुकादम कोण हाय?"

"ते लुटारू आहेत, माय. लुटारूंना कसला मुकादम?"

"मुकादमाबिगर अशी पोरं येत न्हाईत. कुणीतरी गोळा करून धाडलीत."

थोड्या वेळाने सिनेमात खरोखरच एक माणूस दिसला. किनाऱ्यावर, पंख्याखाली बसून फोनवर बोलणारा. माय मला कोपराने ढोसून म्हणाली, "हा बघ." बायका हसल्या. त्यातल्या निम्म्याजणी कधी ना कधी तोडीला जाऊन आलेल्या होत्या.

लुटारूंनी जहाजावरच्या माणसांना एका खोलीत कोंडलं. वरून मेंढरांचं ओरडणं ऐकू येत होतं. मायचा जीव आता मेंढरांत अडकला. "त्यायला पाणी कोण दाखवील? ही माणसं तर कोंडलीत," असं ती दोनदा म्हणाली. मग जाहिराती लागल्या. माय चाचांकडे वळून कौतुकाने म्हणाली, "आमच्या पोराचं बरंय बघा. त्याच्या वाटंवर चाचे हायेत म्हणं. लई हायेत. सांभाळतील."

चाचा शेंगदाणे खात खदखदून हसले. "अरे भाभी! मराठीत चाचे म्हंजे हेच की!" त्यांनी टीव्हीकडे हात केला. "समंदरवाले लुटेरे. पेपरात आलतं ना मागं, चाच्यांनी जहाज पळवलं म्हणून. गल्लीतल्या पोट्ट्यांनी लई सतावलं मला. चाचा, जहाज किधर छुपाया, म्हणून."

बोलता बोलता त्यांचं हसू थांबलं. मायने काय सांगितलं होतं ते त्यांना आत्ता कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. चाचा ताटली हळूच जमिनीवर ठेवत म्हणाले, "मतलब... तसं नसंल, भाभी. तिकडं आमच्यासारके चाचे बी असतेत."

सिनेमा पुन्हा सुरू झाला तसा मायने तो शेवटपर्यंत पाहिला, पण उभं राहून. एका बाईने बस म्हणून तिचा पदर ओढला तरी ती बसली नाही. सिनेमात शेवटी काय झालं ते मला आठवत नाही. माणसं सुटली एवढं आठवतं. मेंढरांचं काय झालं ते दाखवलंच नाही.

सगळे गेल्यावर तिने भावाचा फोटो परत भिंतीवर लावला. खिळ्यावर दोरा अडकवायला तिला वेळ लागला.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"अन् त्यालाबी."

"तुला घोर नको म्हणून, माय."

"मग म्या येकलीच हसत व्हते," ती म्हणाली.

त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. मी शाळेतून आले की दारातच माझ्या हातातल्या फोनकडे बघायची. फोन आला नाही हे माझ्या चेहऱ्यावरून कळलं की आत जायची. निवडलेली तूर पुन्हा निवडायची. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. सकाळी चाचांच्या दुकानात पेपर येतो. ती जाऊन त्यांच्या मशीनसमोर उभी राहायची आणि चाचा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, अगदी जाहिरातींसकट, बोट फिरवून बघायचे आणि सांगायचे, "आज आमचं नाव न्हाई, भाभी." त्यांची ती बोलण्याची तऱ्हा. हसायचं मात्र कुणीच नाही. त्यांच्या बोलण्यामुळे हे सगळं उघडं पडलं, याची त्यांना टोचणी लागली होती. एकदा मला एकटीला गाठून म्हणाले, "बेटी, मेरी जबानच काट डालनी थी." मी म्हटलं, चाचा, तुमचं काही चुकलं नाही.

फोन आला तो शाळेच्या दिवशी सकाळी, मी डबा भरत असताना.

"आक्का, पोचलो. बंदरात हाय."

मायने माझ्या हातातून फोन घेतला. "चाचे भेटले का?"

"तुला कुणी सांगितलं?"

"चाच्यानंच."

तो हसला, पण जपून. काही झालं नव्हतं. दोन होड्या लांबून दिसल्या होत्या, त्या मासेमारीच्या निघाल्या. जहाजाच्या कठड्याला त्यांनी काटेरी तार गुंडाळली होती, आणि जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या भरून माणसं बनवून डेकवर उभी केली होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पहारा मोठा आहे.

"बुजगावणी?" माय म्हणाली.

"हौ. लई भारी केलती. एकाला माझी टोपी घातलती."

"समुद्रात कुणाचं पीक राखायलात रं?" त्या रविवारनंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. मला वाटलं, संपलं सगळं. मी डब्याचं झाकण लावलं.

मग तो म्हणाला, "माय, एक इचारायचंय. गहू उतरवला की जहाज त्याच वाटंनं माघारी जाणार. कॅप्टननं सगळ्यांला इचारलंय. ज्याला जायचं न्हाई त्यानं हिथं उतरावं, घरी धाडतेत. उद्यापर्यंत सांगायचंय."

"उतरलं तर काढतेत का कामावरून?"

"तसं करता येत न्हाई म्हणतेत. पण पुन्हा बोलवतीलच असं न्हाई."

"तुला काय वाटतं?"

"लई भ्या वाटलं, माय. रात्रीचा पहारा असला की समदं पाणीच होडीवाणी दिसतं."

लहानपणापासून तो कधी भीती वाटते म्हणाला नव्हता. माय खाली बसली.

"बाकीचे उतरायलेत का?"

"एक जण. त्याच्या बायकोला दिवस गेलेत."

"तू उतरलास तर तुझ्या जागी कोण?"

"कुणी न्हाई. हायेत त्यायनीच करायचं."

मायचा चेहरा बदलला, आणि ती कुठे पोचली ते मला कळलं. एका हंगामात त्यांच्या टोळीतलं एक जोडपं फड सोडून निघून गेलं होतं. त्यांच्या वाटचा ऊस बाकीच्यांनी तोडला आणि वाहिला. माय ते आम्हाला फार वेळा सांगायची. त्या जोडप्यावर तिचा राग नव्हता, त्यांचं लेकरू आजारी होतं. पण दुसऱ्याची मोळी डोक्यावर घेतलेली माणसं विसरता येत नाहीत, असं ती म्हणायची. आता तिला 'उतर' म्हणायचं होतं आणि ते तिच्या तोंडून निघत नव्हतं. 'राहा' तर मुळीच निघत नव्हतं. ती फोन धरून नुसती बसली. तिकडून तो "माय, ऐकायलीस का?" म्हणत होता.

मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला. आयुष्यात तिच्या हातातलं काही मी कधी ओढून घेतलं नव्हतं.

"तू उतर," मी म्हटलं.

"तू म्हणायलीस म्हणून?"

"हो. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

तो "बरं" म्हणाला. ते इतक्या पटकन आलं, की तो त्याचीच वाट बघत होता हे मला समजलं. फोन ठेवल्यावर मी मायकडे बघायला भीत होते.

"बरं झालं तू म्हणलीस," ती म्हणाली. "माझ्याच्यानं झालं नसतं." आणि डबा माझ्या पिशवीत ठेवून म्हणाली, "जा, घंटा व्हईल."

तो आला. बसस्टँडवर उतरला तेव्हा अंगाने भरलेला, पण डोळे आत गेलेले. चाचांनी त्याला मिठी मारली आणि "आ गया मेरा जहाज" म्हणून ओरडले. गल्लीतल्या बायकांनी त्याला खिडकी कुठे असते ते विचारलं आणि त्याने मायनेच दाखवलेली जागा दाखवली. सगळं व्हायला हवं तसं झालं. फक्त तो घरी थांबला नाही. म्हणजे घरातच होता, पण एका जागी बसत नव्हता. दारातून खोलीत, खोलीतून गच्चीवर. आपल्या जहाजाचा शोध तो फोनवर घ्यायचा, पण जहाजाने त्या समुद्रात शिरल्यावर आपला ठावठिकाणा दाखवणं बंद केलं होतं. जुन्या मित्रांनी नाक्यावर चहाला बोलावलं. त्यातल्या कुणीतरी "काय बे, पळून आलास म्हणं" असं गमतीने म्हटलं, तर तो अर्धा कप तसाच सोडून उठून आला. माय रोज एकदा विचारायची, "पोचले का ते?" त्याने नाही म्हणून मान हलवली की पुढे काही विचारायची नाही. चाचांचा पेपर आता तो स्वतःच जाऊन बघायचा.

मला वाटायचं, मी त्याला वाचवलं. आणि लगेच वाटायचं, मी त्याला कुठून तरी उपटून आणलं आहे आणि त्याची मुळं अजून तिकडेच आहेत. जे बरोबर वाटत होतं तेच मी केलं होतं, तरी ते मनात एका जागी बसत नव्हतं. अजूनही बसत नाही.

एका दुपारी आम्ही दोघं जेवायला बसलो होतो, माय भाकरी करत होती. त्याचा फोन वाजला. तो ताटावरून उठून दारात गेला.

"बोल बे... हौ... सगळे हायेत का?... सगळे?" मग बराच वेळ नुसतं "हौ, हौ." एकदा तो मोठ्याने हसला. मग आवाज बारीक झाला.

आत येऊन तो ताटासमोर बसला. "पोचले."

मायने हात जोडले, कपाळाला लावले. "जेव आता."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच धरून ठेवला. "माझा पहारा बोसननं केला, माय. रोजचा. सोताचा करून मग माझा." बोसन म्हणजे डेकवरच्या कामगारांचा प्रमुख. रत्नागिरीकडचा, वयाने मोठा माणूस, हे आम्हाला भावाकडून ठाऊक होतं.

माय थांबली. तव्यावर भाकरी होती, तिचा वास यायला लागला. मी उठून ती उलटली.

"लाव त्याला फोन," माय म्हणाली.

"कशाला?"

"लाव म्हणलं ना."

त्याने फोन लावला आणि तिच्याकडे दिला. तिने पिठाचा हात लुगड्याला पुसला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभी राहिली, दारात पाहुणा आल्यावर राहते तशी. पलीकडून कुणीतरी हॅलो म्हणालं.

"भाऊ," ती म्हणाली, "तुमी ज्याची मोळी उचलली ना, म्या त्याची माय बोलायले."